रांगेतला कचरा ठरवायचा कोणी?

बिटकॉइनचे जाळे चालविणाऱ्या बहुसंख्य संगणकांवर वापरल्या जाणाऱ्या 'बिटकॉइन कोअर' या सॉफ्टवेअरची तिसावी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एक जुना वाद पुन्हा पेटला. व्यवहारासोबत जोडावयाच्या इतर माहितीची मर्यादा यापूर्वी जेमतेम ८० बाइट्सची होती. नव्या आवृत्तीत ती सुमारे एक लाख बाइट्सपर्यंत वाढविण्यात आली. पैशांच्या जाळ्यात कचऱ्याला मोकळे रान मिळाले, अशी टीका एका गटाने केली. अशी माहिती आडमार्गाने आत येतच होती, मग सरळ दार बंद ठेवून काय साधणार, असा प्रतिवाद दुसऱ्या गटाने केला.

वादाचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. बिटकॉइनमध्ये सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे 'ब्लॉक', नोंदविला जातो. २०१० मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निर्मात्याने त्याचा आकार एक मेगाबाइटपुरता सीमित केला. ऑगस्ट २०१७ मधील सुधारणेने जागा काहीशी वाढली. तरीही सेकंदाला मोजकेच व्यवहार मार्गी लागतात. उरलेले रांगेत थांबतात आणि जास्त शुल्क देणारा पुढे जातो.

२०१५ च्या उन्हाळ्यात या रांगेवर क्षुल्लक रकमांच्या असंख्य व्यवहारांचा मारा झाला आणि सामान्य व्यवहार खोळंबले. त्यावर उपाय म्हणून पुढच्या वर्षी रांगेच्या लांबीलाच मर्यादा घालण्यात आली. ती भरली की सर्वांत कमी शुल्काचे व्यवहार बाहेर फेकले जाऊ लागले. फुकट्यांवर हा उपाय लागू पडला. पैसे मोजून गर्दी करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

त्याचे प्रत्यंतर २०२३ मध्ये आले. त्या वर्षीच्या जानेवारीत 'ऑर्डिनल्स' पद्धतीने चित्रे आणि मजकूर थेट ब्लॉकमध्ये कोरले जाऊ लागले. पाठोपाठ नव्या टोकनांची लाट आली. मे महिन्यात कोंडी इतकी वाढली की 'बायनान्स' या मोठ्या बाजारमंचाला बिटकॉइन काढून घेण्याची सुविधा काही काळ थांबवावी लागली. २० एप्रिल २०२४ रोजी 'रून्स' या टोकनांचा प्रारंभ झाला, तेव्हा एका व्यवहाराचे सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेले. पन्नास डॉलर पाठवू पाहणाऱ्याला त्या दिवशी हे जाळे बंद असल्यासारखेच होते.

शुल्क नाममात्र ठेवले तर काय होते, हे 'सोलाना' या जाळ्याने दाखविले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी स्वयंचलित प्रणालींनी, म्हणजे 'बॉट्स'नी, व्यवहारांचा असा पूर सोडला की जाळे सुमारे १७ तास ठप्प झाले. ३० एप्रिल २०२२ रोजी पुन्हा तोच प्रकार घडला. तेव्हा जाळे सुमारे सात तास बंद होते. त्यानंतर तेथे अग्रक्रमासाठी जादा शुल्काची सोय झाली. जाळ्यात अधिक भांडवल गुंतविणाऱ्या संगणकांमार्फत आलेल्या व्यवहारांना प्राधान्य देण्याची पद्धतही आली. म्हणजे तेथेही वाट अखेर पैशानेच मोकळी झाली.

यातील विरोधाभास लक्षणीय आहे. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी 'हॅशकॅश' ही पद्धत सुचविली ती ईमेलमधील स्पॅम रोखण्यासाठी. प्रत्येक पत्रामागे संगणकाला थोडे कष्ट पडले, तर लाखो पत्रे धाडणे परवडणार नाही, असा तो विचार होता. त्याच विचारावर बिटकॉइनचा पाया घातला गेला आणि आज त्याच जाळ्यात स्पॅम कशाला म्हणावे यावरून तट पडले आहेत. 'बिटकॉइन नॉट्स' हे पर्यायी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना गाळणी कडक हवी आहे. परंतु आज चित्र गाळणारी चाळणी उद्या नकोशा माणसाचा व्यवहारही गाळू शकते, ही दुसऱ्या बाजूची भीती निराधार नाही.

छोट्या व्यवहारांसाठी 'लाइटनिंग'सारखी जोडजाळी उपलब्ध आहेत; पण स्वतःची वाहिनी उघडायची तर मुख्य जाळ्यावर एकदा तरी नोंद करावीच लागते आणि शुल्क तेथेही चुकत नाही. बँकेत अशा प्रश्नाचा निवाडा एखादा अधिकारी करतो. येथे तो अधिकारी मुद्दामच ठेवलेला नाही. त्यामुळे निवाडा शुल्कावर सोपविला जातो. आणि शुल्काला गरज कळत नाही, केवळ ऐपत कळते. मध्यस्थाविना सर्वांसाठी पैसा, हे या चलनाचे मूळ आश्वासन. गर्दीच्या दिवशी ते सर्वांत आधी मोडते ते छोट्या ग्राहकासाठी.