विचारले, पण केव्हा?

संगणकभाषेच्या संकेतस्थळाचा कायापालट हा काही साहित्याच्या अभ्यासकांचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. जेथे मजकूर आहे, त्याची भाषांतरे आहेत आणि ती वाचणारा समाज आहे, तेथे समीक्षेस मज्जाव कसा?

'रस्ट' या संगणकभाषेची पहिली स्थिर आवृत्ती 2015 साली आली. तिच्या जुन्या मुखपृष्ठावर एकच ठसठशीत वाक्य होते. त्याचा आशय असा, की ही भाषा अतिवेगवान आहे, संगणकाच्या स्मृतीत भलतीकडे हात घालण्याची चूक ती होऊ देत नाही आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांना परस्परांत गुंतू देत नाही. वाक्य रुक्ष खरे, पण पडताळून पाहता येईल असे. खाली आज्ञावलीचा एक छोटा नमुना, तेथल्या तेथे बदलून चालवता येणारा. तो करी काय? तर इंग्रजी, स्पॅनिश, जपानी, कोरियन अशा कित्येक भाषांतून वाचकास नमस्कार! खुद्द संकेतस्थळही अनेक भाषांत उपलब्ध होते.

29 नोव्हेंबर 2018 रोजी नव्या संकेतस्थळाची चाचणी-आवृत्ती समाजापुढे ठेवून अभिप्राय मागवण्यात आले. 6 डिसेंबरला भाषेची नवी आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर हे संकेतस्थळही. मध्ये दिवस सात. एवढ्या अवधीत अभिप्राय वाचून होतील, पण त्यांच्यामुळे काही बदलण्याची शक्यता किती? मुहूर्त ठरल्यावर विचारलेली पसंती ती. रंग भडक आहेत ही तक्रार झालीच. पण नमुना कोठे गेला, भाषांतरे कोठे गेली, हेही लोकांनी विचारले. दोन्ही नव्हती. जुन्या वाक्याच्या जागी विश्वासार्ह आणि कार्यक्षम आज्ञावल्या रचण्याचे सामर्थ्य प्रत्येकास देण्याचे आश्वासन आले होते. कोणत्याही संगणकभाषेस शोभावे, किंबहुना एखाद्या शिकवणीवर्गाच्या फलकावरही खपावे, असे.

तक्रारकर्त्यांना गप्प करण्यास या जगात एक शब्द तयारच असतो: 'बाइकशेडिंग'. अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत मंजूर करून सायकलींच्या छपरीवर घोळ घालणारी समिती पार्किन्सनने 1957 च्या पुस्तकात रंगवली. 1999 मध्ये 'फ्रीबीएसडी'चे पॉल-हेनिंग काम्प यांनी ते रूपक संगणकवाल्यांत रूढ केले. रूपक मार्मिक आहे. पण त्याच्या आडोशाने अणुभट्टीलाच छपरी म्हणता येते, त्याचे काय? रंगांची कुरकुर छपरीची असेल. नमुना आणि भाषांतरे छपरीची नव्हेत.

दुसरा बचाव असा, की संकेतस्थळ जुन्याजाणत्यांसाठी नसून नवागतांसाठी आहे. हे निम्मे खरे. जुने वाक्य कळण्यास आधीच बरेच कळलेले असावे लागे. पण म्हणून नवागतास भाषा दाखवायचीच नाही? एकही उदाहरण नसलेले व्याकरण आपल्यापैकी कोणता शिक्षक वर्गात लावील? आणि इंग्रजी न येणारा नवागत या 'प्रत्येका'त मोडत नाही काय?

2019 मध्ये भाषांतरांची सोय पुन्हा झाली. तोवर मूळ मजकूरच बदलला होता. जुनी भाषांतरे जुन्या संकेतस्थळाबरोबर निराळ्या पत्त्यावर जतन झाली, नव्या पानांना त्यांचा उपयोग नव्हता. भाषांतरकारांना पहिल्या वाक्यापासून पुन्हा आरंभ करावा लागला.