कुलाब्याची नोंद आणि आमचे महसूल मंडळ



आमच्या गावांतली कितीतरी पोरे पोटासाठी मीरा-भाईंदरला गेली. तिथल्या खाडीवरून, मिठागरांवरून 15 जानेवारी 2022 च्या रात्री हवेची एक लाट गेली. सुमारे 13 हजार किलोमीटरवर, टोंगाजवळच्या समुद्रात सकाळी ज्वालामुखी फुटला होता. माणसांना काहीच जाणवले नाही. हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रांनी मात्र लाट टिपली. दाबात फरक पडला तो हजारात एखाद-दोन भागांचा!

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. 27 ऑगस्ट 1883 रोजी क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला. साडेचार हजार किलोमीटरवरून आलेला धक्का मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदला गेला. तिथे कोणी त्याची वाट पाहत बसले नव्हते. नोंद रोज चालू होती, म्हणून ती लाट सापडली.

आम्हा कोरडवाहूवाल्यांना याचे काय? टोंगाची मुख्य लाट दाबाची होती. तिच्यासोबत गुरुत्व लाटाही उठल्या. अशा गुरुत्व लाटा डोंगरांवरून आणि वादळी ढगांतूनही उठतात. वर ढकललेली हवा वजनाने खाली येते, पुन्हा उसळते. विहिरीत धोंडा टाकल्यावर पाणी हलते तशी. दमट हवा अशा लाटेने उचलली गेली, तर नवा ढग उभा राहू शकतो. बोंडे फुटलेली असताना, ज्वारी कापणीला आलेली असताना ढग उभा राहणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

कोल्हापुरातल्या रडारने 80 किलोमीटर उंचीवरच्या लाटा मोजल्या. मग शिवारावरच्या हवेची नोंद शिवारातल्या माणसाला का दिसू नये? 2017 पासून 'महावेध'ची दोन हजारांवर केंद्रे महसूल मंडळांत उभी राहिली. ती पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता नोंदतात. चांगले झाले. पण नुसते यंत्र उभे करून भागत नाही. नोंद अखंड पाहिजे. जिथे दाब मोजत नाहीत तिथे तोही मोजला पाहिजे. यंत्र बंद पडले तर तेही लिहिले पाहिजे. आणि आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. विम्याचा आणि मदतीचा हिशेब अशा आकड्यांवर होतो; न पाहिलेला आकडा आम्ही मुकाट्याने का मानावा?

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने आपल्या मंडळाचे केंद्र पाहून यावे. गावात एक साधे पर्जन्यमापक बसवावे, एक वही घालावी. भांडायचे तर हाती नोंद हवी.