डॉक्टरांची व्हिजिट आणि आठवणींचा उंबरठा

घरी येणाऱ्या फॅमिली डॉक्टरांवरचा लेख हा मराठी स्मरणलेखनातला एक रूढ प्रकार झाला आहे. दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, गौरवग्रंथ अशा सर्व ठिकाणी तो भेटतो. त्याची सामग्रीही बहुधा ठरलेली असते. कातडी बॅग आणि ती मोठ्या मानाने धरून पुढे चालणारा घरातला मुलगा. स्पिरिटच्या दिव्यावर उकळणारी काचेची सिरिंज. हात धुण्यासाठी तांब्याभर गरम पाणी आणि कपाटातून काढलेला स्वच्छ टॉवेल. कंपाउंडरने भरून दिलेली मिक्स्चरची बाटली, तिच्यावर डोसाचे माप दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी. संकोचाने पुढे केलेली व्हिजिट फी आणि कधीकधी तितक्याच संकोचाने ती परत करणारा हात. शेवटी हल्लीच्या इस्पितळांविषयी एक सुस्कारा.

या लेखनाची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. त्यात एक खरी गोष्ट नोंदवलेली आहे, आणि ती केवळ जिव्हाळ्याची नव्हे, ज्ञानाची आहे. दवाखान्यात डॉक्टरला रोगी दिसतो. घरी गेल्यावर त्याला रोग्याचे जगणे दिसते. भिंतीची ओल, चुलीचा धूर, एका खोलीत अंथरल्या जाणाऱ्या पथाऱ्या, पिण्याच्या पाण्याचे झाकण. सुनेला विचारलेल्या प्रश्नाला सासूच उत्तर देते, हेही तिथेच कळते. कोणी न सांगितलेले वाचणे हे या भेटीचे मर्म होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे कौशल्य परके वाटू नये. चेकॉव्हसारखा लेखक डॉक्टर होता आणि मेलिखोव्हो गावी तो शेतकऱ्यांवर उपचार करीत असे, या गोष्टीचा त्याच्या कथेतल्या नजरेशी काहीच संबंध नाही, असे म्हणवत नाही.

मात्र या व्यवसायातल्या लेखकांनी घरभेटीचे जे चित्र काढले, ते आपल्या स्मरणलेखांहून बरेच खडतर आहे. विल्यम कार्लोस विल्यम्स हा अमेरिकन कवी रदरफर्ड या छोट्या गावी आयुष्यभर डॉक्टरी करीत होता. 'द यूज ऑफ फोर्स' या त्याच्या कथेत डॉक्टर एका गरीब घरी जातो. घटसर्पाचा संशय आहे आणि मुलगी तोंड उघडत नाही. डॉक्टर बळाने ते उघडतो, आणि त्या बळाचा आनंद आपल्याला झाला हेही सांगून टाकतो. घरी येणारा डॉक्टर सत्ता घेऊनही येतो, ही जाणीव तिथे आहे. आपल्या लेखांत ती सहसा नसते.

ती नसावी याचे आश्चर्य वाटते, कारण महाराष्ट्रात वैद्यकाच्या गृहप्रवेशाचा एक अध्याय बळाचाच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. स्वयंपाकघर, देवघर, बायकांची खोली यांची मर्यादा राहिली नाही. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे हा क्षोभ होता. फॅमिली डॉक्टरची पुढची प्रतिष्ठा या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. घराने आपणहून उंबरठा ओलांडू दिलेला माणूस, हे त्याचे मोठेपण होते.

परंतु उंबरठा दोन्ही बाजूंनी असतो. कोणाच्या घरात डॉक्टरला येऊ दिले जात होते, हा एक प्रश्न. कोणाच्या घरात यायला डॉक्टर तयार होता, हा दुसरा. आमच्या मते या साऱ्या लेखनाचे मोजमाप दुसऱ्या प्रश्नाने व्हायला हवे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र समाविष्ट केले आहे. ते गांधीजींच्या 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ रोजी प्रसिद्ध झाले होते. शिक्षकाची पत्नी बाळंतीण होती आणि अत्यवस्थ झाली. डॉक्टर वस्तीत पाऊल ठेवायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर तो आला. त्या अवस्थेत तिला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने पत्नीला लावला, आणि त्याच क्रमाने तो परत गेला. न्यूमोनियाचे निदान झाले. पुन्हा तपासायला डॉक्टर आला नाही. ती बाई गेली.

आता स्मरणलेखांतल्या वस्तूंची ती यादी पुन्हा वाचावी. बॅग, सिरिंज, टॉवेल, थर्मामीटर. कपाळावर ठेवलेल्या डॉक्टरांच्या हाताची आठवण अनेकांनी हळव्या शब्दांत लिहिली आहे. तो हात सर्वांच्या कपाळापर्यंत पोहोचत नव्हता, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. गरिबांकडून फी न घेणारे, कोणत्याही वस्तीत रात्री-अपरात्री जाणारे डॉक्टर होते, यात शंका नाही. पण 'त्या काळी डॉक्टर घरी येत' या वाक्यातले घर कोणते, हे न सांगता ते वाक्य पुरे होत नाही.

ती पद्धत का मावळली, याचे कारणही निव्वळ माणसाच्या स्वार्थात शोधले जाते. १९४६च्या भोर समितीच्या वेळी देशात पदवीधर डॉक्टरांपेक्षा लायसेन्शिएट डॉक्टरांची संख्या बरीच मोठी होती. पुढे तो अभ्यासक्रमच बंद झाला. तपासण्या यंत्रांवर गेल्या, विशेषज्ञ वाढले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आणि संबंधाची भाषा बदलली. यातले काही बदल रोग्याच्या हिताचे आहेत. सुस्काऱ्यात हा फरक बुडून जातो.

शिवाय घरभेट संपली हेही खरे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११पासून घरभेटीचे हे काम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आले. इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठीही बेचाळीस दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. २०२०च्या साथीत दारोदार फिरल्या त्याही याच. मोबदल्यासाठी त्यांना महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ साली संप करावा लागला.

ओल, धूर, पथाऱ्या आणि गप्प राहिलेली सून आज आशाताईला दिसते. तिच्यावर कोणी दिवाळी अंकात हळवा लेख लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यांच्या घरी ती बहुधा जात नाही. सुटाबुटातल्या डॉक्टरची व्हिजिट हा लिहिणाऱ्या वर्गाचा अनुभव होता, म्हणून तिचे वाङ्मय झाले.

आत्मपर गद्य शिकवणाऱ्यांना आमचे सुचवणे एवढेच आहे. फॅमिली डॉक्टरवरचा एखादा चांगला स्मरणलेख वर्गात जरूर वाचावा. त्यातला जिव्हाळा खोटा ठरवू नये. पण त्याच तासाला त्या काठियावाडी शिक्षकाचे पत्रही वाचावे. दोन्हीकडे डॉक्टर आहे, फी आहे, थर्मामीटर आहे. मग तो थर्मामीटर किती हातांतून गेला, ते विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे.