उपचाराला निर्दोषत्वाचा दाखला कशाला?

कोठडीत छळ सोसलेल्या बायकांच्या समुपदेशनाविषयी शिबिरात बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो : "पण तिच्या घरचे त्यात होते का?" विचारणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्या असतात. नवऱ्याने मारलेल्या बाईला "तुझं काय चुकलं होतं?" असे कोणी विचारले तर याच मैत्रिणी खवळून उठतात. मग रायगडच्या किनाऱ्यावरची जी बाई १९९३ साली पोलीस ठाण्यात बसवून ठेवली गेली, तिला मदत करण्याआधी तिच्या नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या गुन्ह्याचा हिशेब का मागायचा?

तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळे आधी इतिहास थोडक्यात सांगते. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान कार्यकर्त्यांना तो माहीत नसतो. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. असंख्य कुटुंबांनी घर सोडले. कोणी उत्तरेकडच्या गाड्या धरल्या, कोणी मुंब्र्याला गेले. ज्यांचे मूळ गाव कोकणात होते त्यांनी गावची वाट धरली. त्याच जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयात १२३ आरोपींवर खटला चालला आणि १०० जण दोषी ठरले. त्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते. हे सगळे खरे आहे. यातले काहीही मला नाकारायचे नाही.

पण याच इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. स्फोटांचा तपास सुरू झाला तेव्हा हवा असलेला माणूस मिळत नसेल तर त्याच्या घरच्यांना उचलायचे, ही जुनी पोलिसी रीत वापरली गेली. आई, बायको, बहीण यांना ठाण्यात बसवून ठेवल्याच्या आणि मारहाण केल्याच्या तक्रारी तेव्हाच जाहीरपणे झाल्या होत्या. मी ज्यांच्याबरोबर काम करते त्या बायका यांतल्याच. त्यांची गावे किंवा ठाण्यांची नावे मी लिहीत नाही, कारण त्यांना अजून तिथेच राहायचे आहे. जानेवारीत मुंबईचे जळके घर सोडून, मुले काखेत घेऊन त्या माहेरी आल्या. इथे तरी सुखरूप राहू असे त्यांना वाटले. काही आठवड्यांतच दारात जीप उभी राहिली. एकदा जमावाने पळवले, दुसऱ्यांदा सरकारने उचलले.

आज त्या पन्नाशी-साठीच्या आहेत. एकीला खाकी रंग सोसत नाही. एसटीचा कंडक्टर खाकीत असतो म्हणून ती वर्षानुवर्षे तालुक्याला एकटी गेलेली नाही. एक रात्री बाजेवर पाठ टेकत नाही, भिंतीला टेकून बसून झोपते. एकीने मला विचारले, "ताई, मला मारलं त्याचं नाही एवढं. शेजारच्या खोलीत भावाचा आवाज येत होता, तो मी ऐकत बसले. बसले ना मी नुसती?" घरचे म्हणतात नजर लागली, बाहेरची बाधा झाली. तावीज बांधले जातात. डॉक्टर झोपेची गोळी देतात. कोणी हे का झाले असे विचारत नाही, कारण उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि ते बोलायचे नाही, हेही ठाऊक आहे.

आता आपल्या चळवळीला माझा सवाल आहे. आपण स्वतःचा जन्म कुठून सांगतो? मथुरेपासून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी त्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये बायका देशभर रस्त्यावर आल्या. १९८३ साली कोठडीतल्या बलात्काराबाबत कायदा बदलला. ठाण्याच्या चार भिंतींत बाई आणि वर्दी समोरासमोर असतात तेव्हा बाईच्या "हो"ला अर्थ नसतो, हे आपणच या देशाला शिकवले. तेव्हा मथुरेच्या घरचे कोण होते, त्यांनी काय केले, असा प्रश्न आपण विचारला नाही. बाई मुसलमान असली आणि खटला बॉम्बस्फोटाचा असला की तोच धडा आपल्याला का आठवत नाही? कोठडी तीच, वर्दी तीच.

कायद्याचे म्हणाल तर तो तेव्हाही स्पष्ट होता. जबाबासाठी बाईला तिच्या राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्ये होते आणि आजच्या नव्या संहितेतही आहे. कबुलीसाठी इजा करणे हा गुन्हा तेव्हाही होता, आजही आहे. पण टाडाच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षकासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून मान्य केली. कबुली हाच पुरावा ठरला की ती काढून घेण्याचे धंदे वाढणार, हे सांगायला पंडित लागत नाही. टाडा १९९५ मध्ये संपला. तीच तरतूद १९९९ च्या मकोकात महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. २०१० चे छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली, तीही पडून आहे. या करारातले कलम १४ मला फार महत्त्वाचे वाटते : छळ सोसलेल्या माणसाला भरपाई आणि शक्य तितके पूर्ण पुनर्वसन मिळाले पाहिजे. म्हणजे उपचार ही मेहेरबानी नाही, ते सरकारवरचे देणे आहे.

इथे समुपदेशनाच्या पद्धतीचा प्रश्न येतो. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात मनावरच्या आघाताची लक्षणे शिकवतात : झोप उडणे, दचकणे, तेच ते डोळ्यांसमोर येणे. ती उपयोगी आहेत. पण लक्षणांची यादी केली आणि "झालं ते विसरा, आता पुढे बघा" असे म्हटले, तर केलेल्या गुन्ह्याचे आपण बाईच्या दुखण्यात रूपांतर करतो. गुन्हेगार निघून जातो आणि बाईच्या हातात केसपेपर राहतो. चिलीमध्ये पिनोशेच्या हुकूमशाहीत तिथल्या मानसतज्ज्ञ स्त्रियांनी वेगळी वाट काढली. छळ सोसलेल्या माणसाची साक्ष त्याच्याच शब्दांत नोंदवायची, त्याच्याबरोबर वाचायची, दुरुस्त करायची आणि त्याच्या हाती द्यायची. त्यातून दुःख हलके होते आणि अन्यायाची नोंदही होते. वाराणसीच्या मानवाधिकार कार्यकर्त्यांनी पोलिसी छळ सोसलेल्यांसाठी हीच पद्धत आपल्याकडे वापरली आहे. मीही तसेच काम करते. भावाचा आवाज ऐकत बसलेल्या त्या बाईची साक्ष चार बैठकांत लिहून झाली. "मी नुसती बसले" हे वाक्य तिने स्वतः बदलून घेतले : "मला बसवून ठेवलं होतं." एवढ्या एका बदलाला तीस वर्षे लागली.

हे काम कुठे बसून करायचे? महाराष्ट्रात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला. पोलीस यंत्रणेतच सामाजिक कार्यकर्ती बसावी, ही कल्पना घरच्या मारहाणीच्या बाबतीत बरोबरच होती. पण जिला ठाण्यातच मोडले तिने आधारासाठी ठाण्याची पायरी चढायची? तिच्यासाठी रुग्णालय ही जागा योग्य. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातले 'दिलासा' केंद्र २०००-०१ पासून दाखवून देत आहे की रुग्णालयात, औषधांच्या रांगेआड, बाई मोकळी बोलू शकते.

"जुनं झालं, आता उकरून काय काढायचं?" असेही विचारतात. जुने झालेले नाही, मैत्रिणींनो. या बायकांच्या मुली आता चाळिशीकडे आल्या आहेत. त्यांतल्या ज्यांना नवरा मारतो त्या तक्रार करत नाहीत. आई सांगते, "मार खा, पण तिथं जाऊ नकोस." आपण २००५ च्या कायद्याची पत्रके वाटतो, पथनाट्ये करतो आणि या वस्त्यांतल्या बायका पुढे येत नाहीत म्हणून त्यांच्या धर्माला दोष देतो. दोष धर्माचा नाही. त्या ठाण्याचा अनुभव आईकडून मुलीकडे आला आहे.

आणि २५७ मृतांचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्या विधवांना, हातपाय गमावलेल्यांना, दंगलीत घर जळालेल्या हिंदू बाईलाही हाच उपचार, हीच साक्ष, हेच पुनर्वसन मिळाले पाहिजे. एकीला दिल्याने दुसरीचे कमी होत नाही. सगळ्याच अजून वाट पाहत आहेत. दंगलीत १६८ माणसे बेपत्ता झाली. त्यांतल्या १०८ जणांच्या कुटुंबांना सरकारने भरपाई दिलीच नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांचा शोध घ्या असे सांगावे लागले. जीव घेऊन पळालेल्यांचा पत्ता जुन्या खोलीवर कसा सापडेल? देशातल्या देशात पळालेल्याला आपला कायदा निर्वासितही म्हणत नाही.

म्हणून संघटनांपुढे चार गोष्टी ठेवते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोलिसांपासून स्वतंत्र समुपदेशन केंद्र मागा. साक्ष लिहून घेण्याचे प्रशिक्षण आपल्या कार्यकर्त्यांना द्या आणि साक्षीवर हक्क फक्त त्या बाईचा ठेवा. घरच्या माणसासाठी बाईला ओलीस धरणे हा गुन्हा छळविरोधी कायद्यात नाव घेऊन नोंदवला जावा, अशी मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात घाला. आणि पुढच्या शिबिरात कोणी विचारले, "तिच्या घरचे त्यात होते का?" तर सांगा की ते ठरवायला न्यायालय आहे, त्याने ते ठरवलेही. आपल्यासमोर बाई बसली आहे. तिला आधी पाणी द्या आणि तिचे ऐका.