शनिवारचं नातं

घटस्फोटानंतर बरीच वर्षं एकटी राहिलेल्या बाईला आमच्या चंद्रपुरात एकच प्रश्न ठरलेला असतो : ‘दुसरं लगीन काऊन नाही करत वं?’ लग्न करायचं नाही, पण कुणाचा सहवास हवा आहे, असंही उत्तर असू शकतं हे विचारणारीच्या ध्यानीमनी नसतं. माझं उत्तर सध्या तेच आहे. ते उघड लिहिते आहे, कारण माझ्या वयाच्या काही जणी हेच चोरून जगताना मी पाहते.

तो गडचिरोलीला नोकरीला आहे. शनिवारी सावली-मूलमार्गे येतो आणि रविवारी अंधार पडायच्या आत निघतो. चिचपल्लीच्या जंगलातून रात्री मोटारसायकल चालवणं शहाणपणाचं नाही. उन्हाळ्यात रस्त्यालगत बसलेल्या बायांकडून टेंभरं घेतो, रुमालात बांधून आणतो, अर्धी वाटेतच पिचलेली असतात. त्याला पुन्हा संसार मांडायचा नाही, मलाही नाही. एकटीने काढलेली वर्षं रिकामी नव्हती. घर, पगार, झोपायची-उठायची वेळ, सगळं त्या वर्षांत माझ्या हाती आलं. ते परत कुणाच्या स्वाधीन करायची माझी तयारी नाही.

पण ‘बंधन नको’ म्हणताना बरेच जण बोलणंही नको असं धरून चालतात, आणि माणसं दुखावतात ती तिथेच. लग्नात निम्मं समाजानेच ठरवून दिलेलं असतं. सणाला कुठे जायचं, दवाखान्यात कुणी बसायचं, कुणाला काय म्हणायचं. अशा नात्यात कुणीच काही ठरवलेलं नसतं, म्हणून दोघांनाच सगळं बोलावं लागतं.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. सिंदेवाहीकडच्या एका गावात आम्ही गेलो होतो. रात्रभराचं नाटक, अंगावर शाली, मंडपात अख्खं गाव आणि गावाचे पाहुणे. या भागात मंडई आणि नाटकाच्या निमित्ताने सोयरिका जुळतात, त्यामुळे कोण कुणाशेजारी बसलंय याकडे लोकांची नजर असतेच. मध्यंतरात नात्यातल्या एका काकूंनी मला गाठलं. ‘हे कोन व?’ मी म्हटलं, ‘मित्र आहेत.’ त्याच वेळी चहाच्या दुकानाशी त्याने काकांना सांगितलं होतं, ‘यांच्या ऑफिसातला आहे.’ काका-काकूंना उत्तरं ताडून पाहायला कितीसा वेळ लागणार! परतीच्या वाटेवर, पहाटे मूलच्या बसस्टँडसमोर चहा घेताना तो म्हणाला, ‘तू मित्र म्हणशील हे मला ठाऊक असतं, तर मी लपवलं नसतं.’ खरं बोलणं तिथून सुरू झालं. आणखी कुणी आयुष्यात आलं तर आधी एकमेकांना सांगायचं. एकाला लग्नाची ओढ वाटू लागली, तर दुसऱ्याने ती ओळखावी अशी वाट बघत बसायचं नाही. बदली झाली, तर ओढूनताणून चालवायचं नाही.

बाहेरचे लोक गडचिरोली म्हटलं की डोळे मिचकावत गोटुलची गोष्ट काढतात. मला त्याचा राग येतो. भामरागड-एटापल्लीकडे माडियांचं गोटुल म्हणजे गावाची बैठकीची, पाहुण्याला उतरवायची जागा. ज्या वर्णनांवरून शहरी कल्पना रंगल्या, ती व्हेरियर एल्विन यांच्या 1947च्या पुस्तकातली, आणि ते बस्तरच्या मुरियांबद्दल आहे. त्यातही पोरापोरींना मोकळीक होती तशी शिस्तही कडक होती. अधिकारी नेमलेले, कामं वाटून दिलेली, चुकलं तर दंड. ती मोकळीक त्या नियमांच्या आधाराने टिकली होती.

आपल्याला तसा आधार कुणी देत नाही. कायदाही फारसा देत नाही. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला संरक्षण दिलं, पण सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये वेलुसामी खटल्यात स्पष्ट केलं की नुसते शनिवार-रविवार सोबत घालवल्याने तसं नातं होत नाही. म्हणजे माझा शनिवार कायद्याच्या लेखी जवळपास नाहीच. दुसरीकडे, जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69नुसार, पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. खोटी आशा दाखवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणि शरीराबद्दलही बोलावं, चाळिशी ओलांडली तरी. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचे आजार निघाले, आणि उपचार किंवा तपासणीपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या. ती पाहणी 1989मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. नंतर राणीताईंनी ‘तारुण्यभान’ शिबिरांमधून तरुणांशी या विषयावर मोकळेपणाने बोलणं सुरू केलं. आमच्या पिढीला तसं कुणी भेटलं नाही. मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून बाई निरोध मागायला दुसऱ्या चौकात जाते. तिथे कॉलेजातला वर्गमित्र गल्ल्यावर बसलेला असतो. आमच्यात तपासणीचं मी काढलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, ‘दोघंही करू.’ दोघांनी केली. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जितका विश्वास वाटला, तितका गोड बोलण्याने कधी वाटला नव्हता.

हा लेख छापायला द्यायच्या आधी त्याला दाखवला आणि नागपूरला शिकणाऱ्या माझ्या लेकीला फोनवर वाचून दाखवला. त्याने एक वाक्य काढायला सांगितलं, मी काढलं. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, ‘आई, त्यांना मी काका म्हणू की नावाने हाक मारू?’ मी म्हटलं, घरी ये, तिघं बसून ठरवू. ती पुढच्या शनिवारी येते आहे.