चढाच्या रस्त्यात ती एक बादली कोणाच्या परवानगीने?

मंडळी, आमच्या वाडीच्या चढाचं काँक्रीट परवा सुरू झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, पाहुणे गेले. मी मात्र अर्धा तास मिक्सरपाशी उभा राहिलो. दर गोणीला मापाचं पाणी पडायचं, आणि वर एक बादली जास्तीची. मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, माल घट्ट आहे, ओढवत नाही."

ओढवत नाही हे खरं आहे. मजुरांवर माझा राग नाही. पण चढावर माल घट्टच लागतो! पातळ माल उताराने खाली धावतो. वर थर कमी, खाली ढीग, आणि सिमेंटचं पाणी गटारात.

हिशोब साधा आहे. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ धरलं तर ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी. त्यात १५ लिटरची बादली ओतली की प्रमाण थेट ०.७५. आयएस ४५६ सळई नसलेल्या काँक्रीटलाही ०.६० च्या पुढे जाऊ देत नाही. म्हणजे सिमेंट पुरेपूर घालूनसुद्धा रस्ता कच्चाच!

मग उपाय नाही का? आहे ना. पाण्याऐवजी मापात प्लॅस्टिसायझर घाला. खालून सुरुवात करून वर चढत या, म्हणजे नव्या मालाला खालच्याचा टेकू मिळतो. व्हायब्रेटर नीट फिरवा. माणसं दोन जास्त लावा. नंतर निदान सात दिवस गोणपाट ओलं ठेवा.

काही जण म्हणतात, "गप्प बसा, नाहीतर निधी परत जाईल." अहो, याआधीच्या रस्त्याच्या वेळीही आपण गप्पच बसलो होतो. दुसऱ्या पावसाळ्यात खडी वर आली. शाळेच्या पोरांचे गुडघे फुटले, रिक्षावाले चढाखालीच उतरवू लागले. आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणलंय आपण, विसरलात?

आणि "क्यूब पास झालेत" हे मला सांगू नका. क्यूब बादली पडण्याआधी भरला की नंतर, ते सांगा. स्लम्पचा ३० सेंटिमीटरचा शंकू साइटवर का नाही, तेही सांगा.

उद्या सकाळी आठला मी तिथे असेन. तुम्हीही या. भांडायला नको, नुसतं उभं राहायचं. बादली उचलली की एवढंच विचारायचं: हे पाणी एस्टिमेटमध्ये कुठे आहे?