व्यायामातील अग्रक्रमाचा प्रश्न

शहरातील कोणत्याही व्यायामशाळेत, जिला आता सर्वत्र जिम म्हणतात, नव्याने नाव घातलेल्या माणसाला पहिल्या दिवशी जो हुकूम मिळतो तो बहुधा एकच असतो: प्रथम ट्रेडमिलवर अर्धा तास चालावे, घाम गाळावा, आणि मग शक्ती व वेळ उरल्यास वजनांकडे वळावे. ट्रेडमिलवर माणूस उभा करणे शिकवणाऱ्याला सोपे जाते म्हणून म्हणा, वजनांची नवख्याला धास्ती वाटते म्हणून म्हणा, किंवा जितका घाम गळेल तितकी चरबी झडेल या दृढमूल समजुतीमुळे म्हणा, हा शिरस्ता निर्वेधपणे चालू आहे आणि त्याच्या आधाराची रुजुवात करून घेण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. माझे मत असे आहे की आपल्या समाजातील बहुसंख्य माणसांनी, आणि त्यांतही चाळिशी ओलांडलेल्या, दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्या स्त्री-पुरुषांनी, हा क्रम उलटा करणे अगत्याचे आहे. त्यांनी आधी वजने उचलावीत आणि कार्डिओ त्यानंतर करावा.

जड बारबेल खांद्यावर घेऊन बैठक मारताना स्नायूंना लागणारी ऊर्जा काही सेकंदांच्या आत हजर असावी लागते. श्वासावाटे आत आलेला प्राणवायू कामास लावण्याइतकी सवड त्या क्षणी नसते, म्हणून स्नायू आपल्यापाशी साठविलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर आणि ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्यावर, कार्यभाग उरकतात. धावणे किंवा सायकल चालवणे हा व्यायाम दीर्घकाळ चालणारा. त्यात प्राणवायूच्या साहाय्याने चरबी आणि साखर दोन्ही जळतात, परंतु वेग जसजसा वाढवावा तसतसा साखरेचा वाटा वाढत जातो. पाऊण तास जोराने धावून आलेल्या माणसाच्या मांड्यांतील साठा अशा रीतीने आधीच खर्ची पडलेला असतो, स्नायूंना आज्ञा देणारी मज्जासंस्थाही शिणलेली असते, आणि त्या अवस्थेत तो स्क्वॉटला उभा राहिला म्हणजे एरवी सहज होणारे दहा रेप सात-आठवर थांबतात. स्नायू वाढतो तो सवयीहून अधिक भार वारंवार पेलावा लागल्यामुळे. दमलेल्या स्नायूवर तेवढा भार घालताच येत नाही, आणि जो घालण्याचा हट्ट धरतो त्याची पाठ डेडलिफ्टमध्ये गोलावते. ट्रेडमिलवर दम लागला तर वेग कमी करता येतो, थांबताही येते. वजन अर्ध्यावर उचललेले असताना अशी मुभा नसते, ही सुरक्षिततेची बाब या वादात पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

या विषयाची शास्त्रीय चर्चा ज्या एका प्रयोगापासून सुरू झाली तो अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एका गटाला आठवड्यातून पाच दिवस केवळ शक्तीचा व्यायाम दिला, दुसऱ्याला सहा दिवस केवळ दमसासाचा, आणि तिसऱ्याला हे दोन्ही. दहा आठवड्यांची मुदत ठरविली. तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. शक्ती मात्र पहिले सहा-सात आठवडे वाढत जाऊन मग थबकली आणि अखेरीस उतरू लागली, तर केवळ वजने उचलणाऱ्यांची ती शेवटपर्यंत चढत राहिली. या निष्कर्षाचा आधार घेऊन धावण्याने स्नायू झडतात असा प्रवाद शरीरसौष्ठवाच्या वर्तुळात रूढ झाला, आणि कित्येक तरुणांनी हृदयाचा व्यायाम पार सोडून दिला. हे त्या प्रयोगाच्या आधारे करणे मला अन्यायाचे वाटते. आठवड्याला अकरा खडतर सत्रे करणाऱ्या माणसांवर जे गुदरले ते तीन-चार दिवस तासभर व्यायाम करणाऱ्या कारकुनाला, शिक्षिकेला किंवा बँकेतील अधिकाऱ्याला लागू होते असे मानण्यास कोणतेही कारण नाही. पुढील चार दशकांत झालेल्या अभ्यासांनीही ही भीती बरीच सौम्य केली आहे: दोन्ही व्यायाम बेताने केले तर सामान्य माणसाच्या स्नायूंची वाढ आणि शक्ती यांना बाध येत नाही; उडी मारणे, झेप घेणे यांसारख्या स्फोटक शक्तीला तेवढा थोडा येतो, आणि तो दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केल्यास अधिक.

एकाच सत्रातील क्रमाविषयी २०१८ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. आधी वजने उचलणाऱ्यांच्या पायांची शक्ती अधिक वाढली, आणि स्नायूंचा आकार, दमसास व शरीरातील चरबीचे प्रमाण यांत क्रमामुळे लक्षणीय फरक पडला नाही, असे त्यातून दिसून आले. जो दमसासासाठी येतो त्याचे वजने आधी घेतल्याने फारसे काही बुडत नाही आणि जो शक्तीसाठी येतो त्याला लाभच होतो, असा याचा जमाखर्च मांडता येतो. रक्तवाहिन्यांच्या बाजूनेही एक दाखला आहे. केवळ जड वजनांच्या व्यायामाने धमन्यांच्या लवचिकपणास बाध येऊ शकतो अशी शंका घेतली जात असे. जपानमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजनांनंतर धावणाऱ्यांच्या धमन्यांचा लवचिकपणा सुधारला, वजनांपूर्वी धावणाऱ्यांमध्ये तो सुधारला नाही. अभ्यास लहान होता आणि त्यावर सर्व इमारत उभी करू नये, पण त्याचाही कौल त्याच दिशेचा आहे.

परंतु क्रमाचा खरा प्रश्न मला प्रयोगशाळेतल्या टक्केवारीत दिसत नाही. तो आपल्या शरीराच्या घडणीत आहे, आणि ती घडण ज्याने जगापुढे आणली ते संशोधन पुण्यातच झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यालगतच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या अपत्यांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो, पण तुलना करता असे आढळले की आपल्या बालकांच्या अंगी उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची आणि इतर अवयवांची, त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. दिसायला कृश आणि आतून मेदस्वी असे हे बाळ पुढे मोठे होते, शहरात येते, नोकरीला लागते आणि ऐन उमेदीत मधुमेहाच्या तावडीत सापडते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र छापले गेले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३ म्हणजे अगदी एक. पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के. वजनकाट्यासमोर उभे राहून स्वतःला निर्धास्त समजणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे दोन आकडे मनात बाळगावेत असे मला कळकळीने वाटते.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या प्रेरणेने जेथे मोठ्या प्रमाणावर शोषली जाते ती जागा म्हणजे सांगाड्याला जोडलेले स्नायू. ज्याच्यापाशी ते जन्मतःच कमी, त्याच्याजवळ साखर साठविण्याची कोठीच लहान, आणि तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही हिस्सा आपोआप घटत जातो, साठीनंतर अधिक वेगाने. भाकरी-भाताभोवती उभ्या असलेल्या आपल्या ताटाची आणि बैठ्या नोकरीची यात भर घातली म्हणजे परिस्थितीचे गांभीर्य ध्यानात येते. चालणे आणि धावणे हृदयासाठी अमोल आहे, स्नायूंना साखर वापरावयास लावण्यातही त्याचा मोठा हातभार आहे. पण झिजलेल्या मांड्या, दंड आणि पाठ भरून काढण्याचे काम ते करीत नाही. ते काम वजनेच करतात.

आणि येथे अग्रक्रमाचा मुद्दा केवळ शरीरशास्त्राचा न राहता वेळेच्या वाटणीचा होतो. कचेरीतून येताना वाहतुकीत अडकलेला, घरी मुलांचा अभ्यास आणि वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी वाट पाहत असलेला माणूस जिममध्ये येतो तो तासभराच्या हिशेबाने, आणि त्या तासातही कधी फोन येतो, कधी यंत्रापुढे रांग असते. जे काम शेवटी ठेवले जाते तेच अशा दिवशी वगळले जाते. ट्रेडमिल आधी असेल तर वगळली जातात ती वजने. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण वजनांनी अंग पुरुषी होईल ही निराधार भीती त्यांना शेजारणींपासून काही शिकवणाऱ्यांपर्यंत सर्वांनी घातलेली असते. वस्तुतः रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने उतरू लागते तेव्हा हाडांवर भार घालणाऱ्या व्यायामाची निकड त्यांनाच अधिक असते. याउलट कार्डिओ वगळला गेला तरी त्याची भरपाई जिमबाहेर होण्याजोगी आहे. पुण्यात पर्वती आणि वेताळ टेकडी आहे, मुंबईत समुद्रकिनारा आणि रेल्वे स्थानकांचे जिने आहेत, तालुक्याच्या गावीही पहाटेचा मोकळा रस्ता आहे. वाढवत नेता येईल असा भार मात्र रस्त्यावर मिळत नाही.

चरबी झडावी म्हणून येणारे मात्र विचारतील की आधी धावलो नाही तर ती झडेल कशी. वजने उचलल्यानंतर केलेल्या कार्डिओत चरबीचा वाटा थोडा अधिक जळतो हे खरे, आणि वजनांचा पक्ष घेणारे काहीजण हे प्रमाण म्हणून पुढे करतात. पण मी ते करीत नाही, कारण महिन्या-दोन महिन्यांच्या अखेरीस कंबरेचा घेर ठरतो तो दिवसभराच्या आहार-विहारावरून, त्या अर्ध्या तासात काय जळले त्यावरून नव्हे.

आधी वजने याचा अर्थ थंड अंगाने वजनाला हात घालावा असा मात्र कोणी करू नये. पाच ते दहा मिनिटे हळू चालणे वा सायकल, सांध्यांच्या हालचाली, आणि मग हलक्या वजनाचे एक-दोन सेट, एवढा वॉर्मअप सर्वांनाच आवश्यक आहे, आणि तो श्रमाचा नसल्यामुळे त्याने पुढील शक्ती खर्ची पडत नाही. हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब चढा राहणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी क्रमाचा निर्णय आपल्या डॉक्टरांकडे सोपवावा. मुंबई मॅरेथॉनची किंवा साताऱ्याच्या डोंगरी शर्यतीची तयारी करणाऱ्याने अर्थातच ताज्या पायांनी आधी धावावे, कारण त्याचे उद्दिष्ट ते आहे. ज्यांना सवड आहे त्यांनी दोन्ही व्यायाम वेगळ्या दिवशी किंवा एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ विभागून करणे सर्वोत्तम. आपल्या कुस्तीच्या तालमींत ही वहिवाट फार जुनी आहे: दिवसाच्या एका वेळी हौद्यात लढती, दुसऱ्या वेळी जोर-बैठकांची मेहनत, आणि मध्ये खुराक व विश्रांती. शाहू महाराजांच्या आश्रयाने फोफावलेल्या कोल्हापूरच्या तालमींतील वस्तादांना प्राणवायूचे रसायन कोणी शिकवले नव्हते. दमलेल्या पैलवानाकडून दुसरे काम नीट होत नाही एवढे ते वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहत आले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी घालून दिलेल्या मापदंडात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम तर आहेच, पण त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळकटी देणारा व्यायामही आहे, आणि पासष्टीपुढील माणसांसाठी तोल व शक्ती यांचा व्यायाम किमान तीन दिवस सांगितला आहे. यातील पहिला भाग आपल्याकडे सर्वतोमुखी झाला, दुसरा जवळजवळ कोणाच्या कानी गेला नाही. नगरपालिकांनी उद्यानांतून जी लोखंडी व्यायामयंत्रे बसवली आहेत त्यांतील बहुतेकांवर भार कमी-जास्त करण्याची सोयच नसते. मनुष्य स्वतःचे वजन पुढे-मागे झुलवतो आणि घरी जातो. या यंत्रांवर खर्च होणाऱ्या निधीतूनच प्रत्येक प्रभागात एक खोली, काही डंबेल, दोन बारबेल, एक रॅक आणि सकाळच्या वेळी पगारी, शिकलेला शिक्षक एवढी तजवीज करावी, तेथे ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र बॅच ठेवावी. खासगी जिमच्या चालकांनी नव्या सभासदाला पहिल्या आठवड्यात ट्रेडमिलऐवजी बैठक, वजन जमिनीवरून उचलणे, ढकलणे आणि ओढणे या चार मूळ क्रिया हलक्या भाराने शिकवाव्यात आणि मग उरलेल्या वीस मिनिटांत त्याला खुशाल ट्रेडमिलवर चालू द्यावे.